‘तुंबाड’ कुणाचा?

२०१८चा हिंदी भयपट ‘तुंबाड’ २०२४च्या सप्टेंबरात पुन्हा थिएटरांत लागला, गर्दी झाली आणि जुन्या गैरसमजांनाही नव्याने पाय फुटले. सिनेमा म्हणजे श्री. ना. पेंडशांची ‘तुंबाडचे खोत’ ही कादंबरीच; सिनेमातला सोन्याचा हावरा देव हस्तर पुराणातला; पाऊस कॉम्प्युटरवरचा; आणि राही अनिल बर्वे नावापुरते, खरा दिग्दर्शक आनंद गांधी. चारही गोष्टी चुकीच्या आहेत.

पेंडशांच्या बाबतीत अन्याय दोघांवर होतो. ‘तुंबाडचे खोत’ ही जगबुडीकाठच्या एका घराण्याच्या पिढ्यान्‌पिढ्यांची दोन खंडांतली कहाणी. १९१८, १९३३ आणि १९४७ अशा तीन टप्प्यांत चालणाऱ्या सिनेमात वाडा आहे, पुण्याहून येणारा विनायक आहे आणि हस्तरच्या लंगोटातून सोन्याच्या मुद्रा चोरण्याचा धंदा आहे. कादंबरीकडून शीर्षक आलं, कथानक नाही. ज्यांनी कादंबरी वाचली आहे त्यांना हे पहिल्या दहा मिनिटांत कळतं.

मग कथेचं बीज कुठलं? बर्वे यांनीच ते सांगितलंय. १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने त्यांना भयकथाकार नारायण धारपांची गोष्ट सांगितली आणि ते हादरले. पहिला खर्डा १९९७चा, तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. झोपलेल्या म्हातारीपाशी एकटा उरलेला मुलगा हा पहिला भाग पाहताना धारपांचा वाचक जागीच ओळखतो. याला चोरी म्हणणं मला पटत नाही. ज्याचं ऋण त्याचं नाव बर्वे उघड घेतात.

हस्तरबद्दल मात्र लोक हट्टाला पेटतात. सिनेमाच सांगतो की त्याची पूजा कधी होऊ द्यायची नाही, म्हणून पोथ्यांत तो नाही. हाच पुरावा मानला तर कुठलाही कल्पित देव खरा ठरेल. हा देव पटकथेसाठी घडवलेला आहे. त्याला सोनं मिळालं, धान्य मिळालं नाही. म्हणून पिठाच्या बाहुलीवर तो झडप घालतो आणि तेवढ्यात विनायक मुद्रा लांबवतो. त्या एका भुकेवर विनायकाचा सगळा धंदा उभा आहे.

पावसाचं उत्तर सरळ आहे. खऱ्या पावसासाठी युनिटने चार पावसाळे चित्रीकरण केलं. सासवडचा वाडाही खराच. आणखी एक सांगतो, कारण लक्षात येत नाही: विनायकाचा मुलगा पांडुरंग आणि ती भयंकर म्हातारी, दोन्ही भूमिका मोहम्मद समद या एकाच मुलाने केल्या आहेत.

दिग्दर्शनाचा वाद निघाला तो उशिरामुळे. २०१२ साली चित्रीकरण झालं, संकलन पाहिल्यावर हवं ते उतरलं नाही असं बर्वे आणि विनायकाची भूमिका करणारे निर्माते सोहम शाह यांना वाटलं. पुन्हा लेखन, पुन्हा चित्रीकरण. ते संपलं मे २०१५मध्ये. श्रेयनामावलीत बर्वे दिग्दर्शक, आदेश प्रसाद सहदिग्दर्शक, आनंद गांधी क्रिएटिव्ह डिरेक्टर, आणि पटकथेवर या तिघांसोबत मितेश शाह. गांधींचा वाटा मोठाच आहे, तो कुणी लपवलेला नाही. पण तो मोठा ठरवायला बर्वे यांची १९९७पासूनची वर्षं का पुसायची? आणि ज्याच्या प्रकाशयोजनेमुळे तो अंधार डोळ्यांत भरतो, त्या छायालेखक पंकज कुमार यांचं नाव तर या भांडणात कुणी घेतही नाही.