पूर्वी इथं काहीच नव्हतं

गेल्या रविवारी आमच्या नगरात दत्ताच्या देवळापुढच्या कट्ट्यावर मीटिंग झाली. कोपऱ्यावरचा जुना बंगला पाडून तिथं अपार्टमेंट होणार आहे, त्याला विरोधाचा अर्ज द्यायचा होता. अर्ज राहिला बाजूला. दोन तास नुसत्या आठवणी निघाल्या, चहा दोनदा झाला, आणि प्रत्येकानं आपलं बोलणं एकाच वाक्यानं सुरू केलं : "पूर्वी इथं काहीच नव्हतं."

गंमत अशी, की 1986 ला आलेले म्हणत होते नव्वदनंतर बिघडलं. चौऱ्याण्णववाले म्हणाले, छे, दोन हजारपर्यंत झकास होतं. आणि 2009 ला फ्लॅट घेतलेले एक भाऊ उठून म्हणाले, "आम्ही आलो तेव्हा काय शांत होतं हो!" मागं बसलेल्या रिटायर्ड कंडक्टर मामांना ठसकाच लागला. प्रत्येकाचे चांगले दिवस स्वतःच्या वास्तुशांतीपासून सुरू होतात आणि शेजारच्या प्लॉटवर वाळू पडली की संपतात. मीही त्यातलीच. आमची वास्तुशांत 1989 ची, त्यामुळं माझ्या मते नव्वदच्या उन्हाळ्यापर्यंत हे नगर स्वर्ग होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : आम्ही कोल्हापूर शहराला लागून असलेल्या पाचगाव-मोरेवाडीच्या माळावरचे. शेंडा पार्क ओलांडून आर. के. नगरच्या अंगाला वर चढलं की जे बंगले आणि आता अपार्टमेंटं दिसतात, त्यातले. त्याआधी आम्ही मंगळवार पेठेत होतो. दोन खोल्या, एक माडी, माणसं अकरा. बाबा उद्यमनगरात लेथवर, ऑइल इंजिनचे पार्ट करायचे. धाकट्या काकांचं लग्न ठरलं आणि माडी कुणाची, हा प्रश्न आला. उपनगरं प्लॅनिंगनं वाढली असं ज्याला वाटतं त्यानं कोल्हापूरच्या पेठांतल्या वाटण्या बघाव्यात. निम्मी उपनगरं दिरांच्या लग्नांनी वसवली आहेत.

बाबांनी प्लॉट बघायला नेलं ते सायकलवर पुढं मला आणि मागं आईला बसवून. चढाला आम्ही दोघी उतरलो. वर पोचलो तर गवत, मुरूम आणि वारा. जमिनीवर फक्कीच्या रेघा, कोपऱ्याकोपऱ्याला लाल रंग लावलेले दगड. प्लॉट विकणाऱ्यानं अमोनिया प्रिंटचा नकाशा सायकलच्या सीटवर पसरला, चार कोपऱ्यांवर चार खडे ठेवले, आणि बोट ठेवून दाखवलं : हा तुमचा, हा तीस फुटी रस्ता, आणि ही मुलांना बाग. बागेत झाडंसुद्धा काढलेली होती, गोल गोल. ती बाग मी आजतागायत त्या नकाशातच बघितली. जागेवर आता दोन मजली घर आहे, त्यात राहणारी माणसं चांगली आहेत, त्यांचा काही दोष नाही.

आईनं नकाशाकडं बघितलंच नाही. तिनं एकच विचारलं, "पाणी?"

"येणार की वहिनी, आज-उद्या."

तो आज-उद्या किती वर्षं चालला ते आमच्या भागातल्या बायकांना विचारा. बोअर मारलं, धुरळा निघाला. मग टँकर. टँकरचा आवाज खालच्या चढाला गिअर बदलला की कळायचा, आणि कुकर गॅसवर तसाच ठेवून बायका पळायच्या. नंबराला कळशी ठेवायची. कळशी ढकलली म्हणून दोन घरांतलं बोलणं तीन वर्षं बंद होतं, आणि तीन वर्षांनी त्यांचीच सोयरीक झाली. आमच्याकडं निळं बॅरल होतं. त्याच्या तोंडाला आई बाबांचा जुना पंचा बांधायची, पाणी त्यातून गाळून पडायचं. तळाला तरी बोटभर तांबडा गाळ साचायचाच. पाहुणे येणार म्हटलं की इतर बायका फराळाचे डबे उघडून बघतात, आई आधी बॅरल उघडायची.

आणि तरीही आई-बाबा पुढची दहा वर्षं मनानं पेठेतच राहत होते. बाबा केस कापायला पेठेत जायचे. रविवारचं मटण पेठेतल्या ठरलेल्या दुकानातनंच, अर्ध्या किलोसाठी जाऊन-येऊन सात-आठ किलोमीटर सायकल. शाहू स्टेडियमवर फुटबॉलची मॅच असली की पेठेच्या टीमसाठी घसा बसवून यायचे. गणपतीला वर्गणी दोन्हीकडं. इथल्या मंडळाचा गणपती पहिल्यांदा बसला तेव्हा वाद्य काय, तर एकाच्या घरातला टेपरेकॉर्डर, आणि विसर्जनाला माणसं सतरा. बाबा आरतीला उभे राहिले, प्रसाद घेतला आणि म्हणाले, "चला, आता खऱ्या गणपतीला जाऊन येऊ."

पेठेतले नातेवाईक आम्हाला "माळावरचे" म्हणायचे. संध्याकाळी केएमटीची, म्हणजे शहर बसची, शेवटची गाडी चुकेल म्हणून आम्ही सगळ्यांच्या आधी लग्नाच्या मांडवातून उठायचो. शेंडा पार्कचा रस्ता अंधारात नको वाटायचा. मी नववीला असताना सायकलवरून तिथनं येताना मोठ्यानं पाढे म्हणायची. एकोणतीसचा पाढा मला अजून येतो तो त्यामुळं.

पण "माळावरचे" हा शब्द काही आमच्यासाठी नवीन काढलेला नव्हता. आजीच्या तोंडात राजारामपुरीसुद्धा माळावरचीच होती. 1891 ला मिरजेहून रेल्वे आली, चार वर्षांनी शाहू महाराजांनी शाहूपुरीची बाजारपेठ वसवली, तेव्हा तीही गावाबाहेरच होती. राजाराम महाराजांच्या वेळी राजारामपुरी आखली, सरळ गल्ल्या, नावांऐवजी नंबर. 1962 ला विद्यापीठ आलं तेही मोकळ्या माळावर. आज राजारामपुरीत गाडी लावायला जागा मिळत नाही आणि तिथली माणसं आम्हाला विचारतात, "एवढ्या लांब कसं राहता?"

ही चेष्टा 2019 च्या ऑगस्टमध्ये थांबली. पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट. त्या वर्षी पाणी 55 फुटांच्या वर गेलं. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतली आमची आत्या, तिचे दोन मुलगे, सुना, नातवंडं, एक पोपट, असे सगळे माळावर आले. आमच्या तीन खोल्यांत पुन्हा अकरा माणसं झाली. शहराचे पाणी उपसायचे पंप पुरात बुडाले, नळ बंद पडले आणि अख्खं कोल्हापूर टँकरमागं पळायला लागलं. आत्या कळशी घेऊन निघाली तेव्हा आई तिला अनुभवी माणसाच्या आवाजात म्हणाली, "वन्सं, पुढं जाऊन उभ्या राहू नका. ड्रायव्हरच्या बाजूला थांबा, पाइप तिकडनं सुटतो." तीस वर्षांचा हिशेब त्या एका वाक्यात चुकता झाला. 2021 ला परत तेच. त्यानंतर आमच्याकडं प्लॉटच्या जाहिरातीत "पूर न येणारी जागा" असं छापून यायला लागलं, आणि दर कुठल्या कुठं गेले. ज्यांनी तेव्हा दोन प्लॉट घेऊन ठेवले होते ते आता सकाळी ट्रॅक सूट घालून फिरतात.

आता एक कडू बोलते. 1972 ला कोल्हापूरची महानगरपालिका झाली आणि त्यानंतर कित्येक दशकं हद्द होती तिथंच राहिली. शहर मात्र वाढत होतं, आमच्यासारख्यांच्या रूपानं. 2017 ला भोवतीच्या 42 गावांसाठी नगरविकास प्राधिकरण आलं. पण रोजचं जगणं कसं? घरफाळा ग्रामपंचायतीचा, नोकरी शहरात, पोरांची शाळा शहरात, लग्नपत्रिकेवर पत्ता "कोल्हापूर". काळम्मावाडी धरणातून शहराला पाणी देणारी थेट पाइपलाइन 2023 च्या दिवाळीत आली तेव्हा आमच्या ग्रुपवर "आपल्याला कधी?" असे मेसेज पडले, आणि हद्दवाढीचा, म्हणजे आमची गावं महापालिकेत घ्यायचा, विषय निघाला की तीच माणसं "आमचं गाव वाचवा" लिहितात. मूळ गावकऱ्यांची भीती मला कळते. त्यांच्या जमिनीवर उद्या आरक्षण पडेल, त्यांनी विरोध करावाच. आपण, पेठेतून प्लॉट घेऊन आलेली माणसं, कुठल्या तोंडानं गाव वाचवायला निघालोय? मी हद्दवाढीच्या बाजूनं आहे. कॉमेंटमध्ये शिव्या घाला, पण शुद्ध लिहा.

रविवारी मला खरं तर दुसरंच आठवत होतं. आम्ही राहायला आल्यावर पहिल्या का दुसऱ्या वर्षी, अमावास्येला एक म्हातारी यायची. डोक्यावर पाटी, पाटीत भाकरी-आंबिल, शेंदराची पुडी. आमच्या मागच्या प्लॉटच्या हद्दीला तरवडाच्या झुडपात एक दगड होता, त्याला शेंदूर लावायची, निवद ठेवायची, आमच्या पायरीवर बसून तांब्याभर पाणी प्यायची. ज्यांचं हे रान होतं त्या घरातली ती. आईनं एकदा सहज विचारलं, "पूर्वी इथं काय होतं हो मावशी?"

ती म्हणाली, "आमी हुतो की."

मग तिनं बसल्या बसल्या हात करून दाखवलं. तिकडं भुईमूग, पलीकडं शाळू, पावसाळ्यात मेंढरं घेऊन धनगर उतरायचे ती जागा, आणि खाली उताराला विहीर. उन्हाळ्यातसुद्धा पाणी असायचं म्हणाली. आई टँकरच्या रांगेतनं नुकतीच आलेली, बॅरलवर पंचा वाळत घातलेला. ती विहीर कुठं गेली हे विचारायचं धाडस आमच्यात कुणाला झालं नाही. मुरूम टाकून बुजवली आणि तिच्यावरूनच रस्ता गेला, असं कंडक्टर मामा म्हणतात. मंदिराच्या अध्यक्षांच्या मते ती कोपऱ्यावरच्या बंगल्याखाली आहे, जो आता पडणार आहे. यावरून रविवारी दोघांत चांगलीच जुंपली आणि मीटिंग संपली.

तो दगड मात्र आहे. मागच्यांनी कंपाउंड घातलं तेव्हा भिंत तेवढी हातभर आत घेतली. आता तिथं टाइल्स लावल्यात आणि दर अमावास्येला कुणीतरी अगरबत्ती लावतं. म्हातारी यायची कधी थांबली ते आमच्यापैकी एकालाही सांगता येत नाही.

अर्ज घरोघरी फिरतोय. माझ्यापुढं आला तेव्हा मी सही केली नाही. आईनं केली, चष्मा लावून, पूर्ण नाव. म्हटलं, "अगं, आपण आलो तेव्हा आपल्याविरुद्ध कुणी अर्ज दिला असता तर?" तर म्हणाली, "तेव्हा इथं होतंच कोण?"

कुणाकडं 1990 च्या आधीचे या माळाचे फोटो असतील तर टाका. विहिरीचा असला तर फारच बरं.