बंधन माणसावर की जाळ्यावर?

मालवणचे सागरी अभयारण्य १३ एप्रिल १९८७ रोजी जाहीर झाले. क्षेत्र २९ चौरस किलोमीटरांहून जरासे जास्त, त्यात गाभा ३.१८ चौरस किलोमीटरांचा. तेव्हापासून किनाऱ्यावरचा वाद फिरून फिरून तिथेच येतो: अभयारण्य हवे की नको. इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर राहून तो ऐकताना वाटते, की कोणते जाळे कुठे चालावे हा मुद्दा त्यात बाजूलाच पडला आहे.

इथल्या लाइम बेमध्ये २००८ साली २०६ चौरस किलोमीटर समुद्रात तळावरून ओढायच्या औजारांना बंदी झाली. सापळेवाले, गळवाले, पाणबुडे यांना मोकळीक राहिली. कारण साधे होते. स्कॅलॉप नावाचे शिंपले काढणारी ड्रेज, म्हणजे लोखंडी दात्यांची चौकट, खडकावरून ओढली की गुलाबी सी-फॅन हा पंख्यासारखा प्रवाळ बुडासकट निघतो, आणि तो वर्षाला जेमतेम एक सेंटीमीटर वाढतो. म्हणजे वीतभर सी-फॅन परत उभा राहायला वीसेक वर्षे. आधी आपसांतल्या समझोत्याने खडकाचे छोटे तुकडे वगळून पाहिले होते. ते पुरले नाहीत.

पण बंदीने भार नाहीसा होत नाही, तो सरकतो. ड्रेजवाल्या बोटी दुसऱ्या तळांकडे वळल्या. बंद क्षेत्रात आता ड्रेज आपले दोर तोडील ही भीती उरली नाही, त्यामुळे सापळे टाकणाऱ्यांची सोय झाली, आणि सापळेच बेसुमार वाढतील असा धोका आला. हा धोका ओळखून तिथल्या मच्छीमारांनी बोटीमागे खेकडे-लॉबस्टरचे २५० सापळे आणि एका दोराला जास्तीत जास्त १० अशी मर्यादा स्वतःहून मानली, बोटींवर ट्रॅकर बसवून घेतले. बदल्यात बंदरांवर बर्फाची आणि शीतगृहाची सोय झाली, मासळीला बरा भाव मिळण्याची वाट उघडली. ही देवाणघेवाण मला सगळ्यात मोलाची वाटते. पुढे प्लिमथ विद्यापीठाच्या प्रयोगात दिसले, की ५०० मीटर बाय ५०० मीटरच्या चौकोनात तीसच्या वर सापळे गेले की तळावरचे जीवही कमी होतात आणि खेकडे-लॉबस्टरही. सापळा निरुपद्रवी, ही समजूत तिथे मोडली.

मालवणात असा हिशेब औजारागणिक मांडायला हवा. रापण, म्हणजे माणसांनी किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, वाळूच्या किनाऱ्यावर ओढतात. खडकावर ती फाटते, म्हणून रापणकार प्रवाळाकडे फिरकतच नाही. त्याला ट्रॉलरच्या पंगतीला बसवणे अन्याय आहे. ट्रॉलरच्या जाळ्याच्या टोकाला मासे साठणारी खोळ असते. तिचा आस, म्हणजे जाळ्याचे भोक, तिरका असला तर ओढताना मिटतो आणि पिल्ले आत अडकतात. ४० मिलिमीटरचा चौकोनी आस ताणाखालीही उघडा राहतो. स्नॉर्कलिंगच्या होड्यांचा उपद्रव तिसऱ्याच प्रकारचा. नांगर प्रवाळावर पडतो, भरती-ओहोटीला साखळी फिरते आणि भोवतीचा तळ घासून जातो. तिथे कायमचे बोये टाकून होडीने नांगर न टाकता बोयालाच दोर बांधायचा आणि एका वेळी किती होड्या हे ठरवायचे. असे बोये पर्यटनाच्या पैशातून उभे राहू शकतात. त्यासाठी रापणकाराच्या पोटावर पाय द्यायचे कारण नाही.

अडचण अशी, की अभयारण्य १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली, म्हणजे वनखात्याचे. होड्या आणि जाळी १९८१च्या सागरी मासेमारी कायद्याखाली, म्हणजे मत्स्यखात्याची. वनखाते आले की मासेमारी जाणार, ही गावाची भीती निराधार नाही, तिला या कायद्याची चौकट कारण आहे. इंग्लंडमध्ये सहा सागरी मैलांपर्यंत जिल्हावार मंडळे आहेत. नगरपरिषदांचे सदस्य, मच्छीमार, हौशी गळवाले, पर्यावरणाचे जाणकार आणि सरकारी यंत्रणा एकाच टेबलावर बसून पोटनियम करतात. व्यवस्था निर्दोष नाही: पोटनियमाला मंत्र्यांची मंजुरी लागते, आणि लाइम बे स्वतःच दोन मंडळांत विभागला आहे. तरी रापणकार आणि स्कूबावाला समोरासमोर बसून मापे ठरवतील, असे काही सिंधुदुर्गात हवेच.

लाइम बेची नक्कल मात्र जशीच्या तशी चालणार नाही. तिथे मर्यादा मानणाऱ्या बोटी मोजक्या, चार छोट्या बंदरांतल्या, एकमेकांना ओळखणाऱ्या. मालवणच्या समुद्रात परराज्यांतले हायस्पीड ट्रॉलर शिरतात, रात्री प्रखर एलईडी दिव्यांनी मासे ओढून मासेमारी होते. २०२१च्या दुरुस्तीने एलईडीसाठी ५ ते २० लाखांचा दंड ठेवला आहे, पण दंड लावायला आधी बोट सापडावी लागते. बाहेरचा ट्रॉलर रात्री जाळी तोडून जात असेल तर गावातल्या होडीवाल्याने स्वतःला २५० सापळ्यांसारखी मर्यादा का घालून घ्यावी? म्हणून पहिला पैसा वेगवान गस्ती नौकेवर आणि मोठ्या बोटींच्या ट्रॅकरवर जायला हवा. बोये आणि चौकोनी आस त्यानंतर.