चेन्नईत पन्नास मिनिटे पुरतात

अंदमानच्या सहलीची आखणी करताना सर्वप्रथम घड्याळावर अढळ श्रद्धा ठेवावी. मुंबई-पुण्याहून श्री विजयपुरमला, म्हणजे सप्टेंबर २०२४ मध्ये नाव बदलूनही आपण ज्याला पोर्ट ब्लेअरच म्हणतो त्या गावी, जाणारे बरेच प्रवासी वाटेत चेन्नई, कोलकाता किंवा बेंगळुरूला विमान बदलतात. या बदलासाठी चार-चार तास हाताशी ठेवणारी, किंवा सरळ चेन्नईत एक रात्र मुक्काम करणारी माणसे आपल्याही नात्यात असतील. त्यांच्याकडे दुर्लक्ष करावे. ही माणसे रेल्वे स्थानकावरही गाडीच्या दीड तास आधी जाऊन बाकावर बसतात, त्यांचे कधी काही चुकत नाही आणि म्हणून परतल्यावर चार लोकांत सांगण्यासारखेही त्यांच्यापाशी काही नसते. आपण पन्नास मिनिटांचे अंतर निवडावे.

तिकिटे दोन वेगवेगळ्या कंपन्यांची आणि वेगवेगळ्या पीएनआरवर काढावीत. एकाच तिकिटावर दोन्ही विमाने असली की पहिल्याला उशीर झाल्यास पुढची सोय लावण्याची जबाबदारी कंपनीवर येते, आणि कंपनीला असे अडचणीत आणणे आपल्या संस्कारांत बसत नाही. शिवाय स्वतंत्र तिकिटांत माणशी थोडे पैसे वाचतात. पहिले विमान रखडले की पहिली कंपनी सांगते, आपल्याला चेन्नईपर्यंत आणण्याचे ठरले होते, ते आम्ही आणले. दुसरी कंपनी सांगते, आपण वेळेवर आला नाहीत, सबब आपण ‘नो-शो’ आहात. दोघांचेही म्हणणे नियमाला धरूनच असते, त्यामुळे भांडायलाही कोणी उरत नाही. मग त्याच जागी उभे राहून, त्याच विमानतळावरून, दुसऱ्या दिवशीच्या विमानाची जी तिकिटे आपण काढतो, त्यांत आधी वाचवलेले पैसे कामी येतात. बाकीचे घालावे लागतात, पण ते चालायचेच.

येथे काही चिकित्सक वाचक विचारतील की सामानाचे काय. स्वतंत्र तिकिटांवर सामान आपोआप पुढे जात नाही. ते पट्ट्यावरून उतरवून घ्यायचे, बाहेर पडायचे, पुन्हा आत शिरून दुसऱ्या कंपनीच्या काउंटरवर द्यायचे आणि पुन्हा सुरक्षा तपासणीच्या रांगेत उभे राहायचे असते. देशांतर्गत विमानांचे सामान घेणारे काउंटर साधारणपणे सुटण्याच्या तासभर आधी बंद होते. याचा अर्थ पहिले विमान मिनिटाचाही उशीर न करता उतरले, तरी पुढच्या विमानाचे काउंटर दहा मिनिटांपूर्वीच बंद झालेले असते. अशा क्षुल्लक हिशेबात मन गुंतवू नये. केवळ केबिन बॅगा घेऊन जाण्याचा पर्याय आहे खरा. पण मग त्यांत मिरचीच्या लोणच्याची बरणी अवश्य ठेवावी, म्हणजे तपासणीच्या यंत्रावर बॅग बाजूला निघेल, ती सर्वांसमक्ष उघडली जाईल आणि ‘घरचंच आहे हो, जरा चाखून बघा’ असा संवाद साधण्याची संधी मिळेल. विमानाचे दार उड्डाणाच्या वीस-पंचवीस मिनिटे आधी बंद होते, ही गोष्ट त्या वेळी आठवणे बरे दिसत नाही.

आता पोर्ट ब्लेअरचे विमान निवडताना दिवसाचे शेवटचे निवडावे. तेथील धावपट्टी नौदलाच्या आयएनएस उत्क्रोश या तळाची आहे, नागरी विमानांची ये-जा बहुतांशी सकाळपासून दुपारपर्यंत असते आणि पावसाळी ढग दाटले की विमाने आकाशात घिरट्या घालून कधीकधी चेन्नईला किंवा कोलकात्याला परत फिरतात. सकाळच्या पहिल्या विमानाने निघालेल्या माणसाला असे काही झाल्यास त्याच दिवशी पुन्हा जाण्याची थोडीफार आशा असते. दुपारच्या शेवटच्या विमानात ही अनिश्चितता नाही. जुलै २०२३ मध्ये उद्घाटन झालेले शिंपल्याच्या आकाराचे नवे टर्मिनल अत्यंत देखणे आहे आणि ते वरून पाहून परत येणाऱ्यांना ते अधिकच देखणे वाटत असावे.

पोहोचण्याच्या दिवशी नुसते पोहोचणे हा आळस होय. त्याच दिवशी दुपारच्या बोटीने स्वराज द्वीप गाठावे. २०१८ पर्यंत हॅवलॉक म्हटल्या जाणाऱ्या या बेटाला खाजगी बोट सुमारे दीड तासात नेते. सरकारी बोटी फिनिक्स बेवरून आणि खाजगी बोटी हॅडोच्या धक्क्यावरून सुटतात, तेव्हा कोणता धक्का आपला, हे टॅक्सीत बसल्यावर टॅक्सीवाल्यालाच विचारावे. संध्याकाळी उशिरा सुटणारी बोट नसते. म्हणून विमान उतरण्याची आणि बोट सुटण्याची वेळ यांत दीड तास ठेवला म्हणजे झाले. बोट नको असेल तर पहिल्याच संध्याकाळी सेल्युलर जेलच्या ध्वनिप्रकाश कार्यक्रमाची तिकिटे काढून ठेवावीत. मराठी कुटुंबाला सावरकरांची कोठडी पाहिल्यावाचून अंदमान झाले असे वाटत नाही, आणि ते योग्यच आहे. मात्र ती दुसऱ्या दिवशी शांतपणे पाहावी, हा विचार पुन्हा त्या बाकावर बसणाऱ्या नातेवाइकांचा. डिसेंबरात तेथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, हे त्यांना ठाऊक असते. आपल्या कार्यक्रमपत्रिकेत मात्र ‘सायं. ५.३० : समुद्रकिनारी सूर्यास्त’ अशी ओळ असली पाहिजे.

इतकी पूर्वतयारी झाल्यावर प्रत्यक्ष उशिराची वेळ येते आणि येथे खरे कौशल्य लागते. उशीर कधीही एकदम तीन तासांचा जाहीर होत नाही. फलकावर आधी पंचवीस मिनिटे दिसतात, ती संपत आली की आणखी चाळीस, मग पुन्हा अर्धा तास. कारण विचारले असता ‘ऑपरेशनल रीझन्स’ असे उत्तर मिळते. आपल्याला नेणारे विमान अजून हैदराबादहून निघालेलेच नाही, हे मोबाइलवरच्या ॲपमध्ये कोणालाही दिसू शकते. ते ॲप उघडू नये. त्याने उगाच निर्णय घ्यावा लागतो. फलकावरचे प्रत्येक नवे आश्वासन नव्याने खरे मानावे आणि प्रत्येक वेळी ‘आता बोर्डिंग होईलच’ असे म्हणून सर्वांना खुर्च्यांवरून उठवून रांगेत उभे करावे. रांग गेटपासून चहाच्या दुकानापर्यंत पोहोचली की बसलेल्या परक्या लोकांनाही राहवत नाही आणि तेही उभे राहतात.

कुटुंबात कामांची वाटणी असावी. सहल आखणाऱ्या पुतण्याने या काळात फोनमध्ये डोके खुपसून दिसेनासे व्हावे. थोरल्या काकांनी काउंटरवर जावे. तेथे बसलेल्या वीस-बावीस वर्षांच्या मुलीने विमान स्वतः अडवून ठेवले आहे, अशा समजुतीने बोलणे सुरू करावे.

‘मॅडम, आमचं पुढचं विमान दोन वाजून दहाचं आहे.’

‘सर, तुमच्या पीएनआरवर पुढचं तिकीट दिसत नाहीये.’

‘ते दुसऱ्या कंपनीचं आहे, पण त्यांना फोन करून थांबायला सांगा की.’

यानंतर ‘तुमच्या मॅनेजरला बोलवा’ हे वाक्य यावेच लागते. मॅनेजर येईपर्यंत काकूंनी पिशवीतून चिवड्याचा डबा काढावा आणि काउंटरवरच्या मुलीलाही थोडा द्यावा, कारण राग काकांचा आहे, घराण्याचा नाही.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियम वाचण्याच्या फंदात तर अजिबात पडू नये. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा त्याहून अधिक उशीर होत असेल, तर वेळेवर आलेल्या प्रवाशांना खाणेपिणे मोफत द्यावे लागते, असे त्यांत लिहिले आहे. सहा तासांहून अधिक उशीर होणार असेल तर दुसरे विमान किंवा तिकिटाचे पूर्ण पैसे, यांतली निवड प्रवाशाने करायची असते. ऐनवेळी विमान रद्द झाले आणि उड्डाण दोन तासांहून लांबचे असले, तर दहा हजार रुपये किंवा मूळ भाडे अधिक इंधन आकार यांपैकी जी रक्कम कमी असेल ती भरपाई म्हणून मागता येते. मात्र कारण हवामानासारखे कंपनीच्या हाताबाहेरचे असले तर नाही. बंगालच्या उपसागरावर हवामान कधी बिघडेल हे सांगता येत नाही, आणि भरपाईचा विषय निघाला की ते नेमके कधी बिघडले होते, हेही सांगता येत नाही. आपण हे काही न मागता तीनशे रुपयांचे सँडविच विकत घ्यावे आणि विमानतळावर किती लूट आहे यावर शेजारच्याशी बोलावे. कंपनीच्या खाण्याची कुपने पलीकडच्या टेबलावर वाटली जात असतात; तिकडची गर्दी पाहून ‘काहीतरी जाहिरात दिसते’ असे म्हणून मान फिरवावी.

परतीच्या दिवसाविषयी दोन शब्द अधिक सांगितले पाहिजेत, कारण जाताना हुकलेली माणसे निदान सहलीला निघालेली असतात, येताना हुकलेल्यांची रजा संपलेली असते. शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरला काढून सकाळी निवांत विमानतळावर जाणे हा बेटावरची एक रात्र वाया घालवण्याचा प्रकार आहे. आपण शेवटच्या दिवशीही स्वराज द्वीपावरच राहावे, सकाळच्या बोटीचे तिकीट काढावे आणि त्याच दिवशी दुपारी विमान पकडावे. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात, आणि हा निर्णय धक्क्यावर आल्यावर कळतो. बोटीच्या कंपनीने तिकिटाचे पैसे परत दिले की तिचे कर्तव्य संपते; विमान तिच्या खात्यावर नाही. समोर निळेशार पाणी, मागे नारळाची झाडे, पायांशी सामानाचे आठ डाग, आणि फोनवर कार्यालयातील साहेब. या साहेबांना ‘समुद्र खवळलाय’ असे सांगताना मागून कोणी शहाळेवाला ओरडणार नाही, एवढी काळजी घ्यावी.

सुखरूप परतल्यावर पुढल्या वर्षीच्या बेताला लगेच लागावे. लक्षद्वीप उत्तम. तेथे अगत्ती हे एकच विमानतळ आहे, धावपट्टी सुमारे १,२०० मीटर लांबीची, त्यामुळे कोचीहून छोटे विमान जाते आणि जागा मोजक्याच असतात. शिवाय प्रवेशासाठी परवाना आधी काढावा लागतो. परवान्याचे कोचीला उतरल्यावर पाहता येईल. मुंबईहून कोचीला सकाळी पोहोचणारे एक विमान आहे, आणि पुतण्या म्हणतो, मध्ये चक्क पंचावन्न मिनिटे मिळतात.