‘सगळं स्ट्रिंगमध्ये पाठवा’ या सल्ल्याला उत्तर

वेब सर्व्हिस, म्हणजे दोन प्रोग्राम इंटरनेटवरून मेसेजनी बोलतात ती सोय, बांधणाऱ्यांमध्ये एक सल्ला फार आत्मविश्वासाने दिला जातो. तो थोडक्यात असा: मेसेजच्या व्याख्येत प्रत्येक फील्डचा (रकान्याचा) टाइप, म्हणजे त्यात संख्या, मजकूर की तारीख येणार हे, बांधून टाकला की सिस्टिम ठिसूळ होते. एक फील्ड वाढलं तरी जुने क्लायंट (सेवा वापरणारे प्रोग्राम) कोसळतात. त्यापेक्षा व्याख्या सैल ठेवा. ऑपरेशन एकच, आत एक लांबलचक स्ट्रिंग (नुसत्या अक्षरांची माळ) किंवा हवं ते मावणारा जेसन ऑब्जेक्ट (नाव आणि मूल्य अशा जोड्यांचा गठ्ठा). व्याख्या कधी बदलतच नाही, म्हणून काही मोडतही नाही. पुरावे म्हणून तीन गोष्टी सांगतात. सोप ही एक्सएमएलमध्ये मेसेज पाठवण्याची जुनी, काटेकोर पद्धत मागे पडली आणि जेसन हा सुटसुटीत साचा जिंकला. गूगलने प्रोटोकॉल बफर्स या आपल्या मेसेज-साच्यातून ‘रिक्वायर्ड’ (सक्तीचं फील्ड) काढून टाकलं. आणि ‘घेताना उदार राहा’ हा इंटरनेटच्या जडणघडणीतल्या जॉन पोस्टेल यांचा नियमही सैलपणाच्याच बाजूचा आहे.

हा सल्ला मला चुकीचा वाटतो, आणि नव्याने कामाला लागलेल्या मुलामुलींच्या हाती तो सिद्ध झालेल्या नियमासारखा दिला जातो, हे त्याहून वाईट. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिली तक्रार फील्ड वाढल्यावर क्लायंट मोडण्याची. तिच्यात तथ्य आहे, म्हणून तिच्यावर जरा थांबायला हवं. सोप सेवेची व्याख्या लिहिण्याची डब्ल्यूएसडीएल 1.1 आणि मेसेजमधल्या घटकांचे नियम लिहिण्याची एक्सएमएल स्कीमा 1.0 ही दोन्ही 2001 सालची. या स्कीमात घटकांचा क्रम एकदा लिहिला की तो बंद होतो. यादीत नसलेला घटक आला तर व्हॅलिडेशन, म्हणजे व्याख्येबरहुकूम तपासणी, नापास. पुढच्या वाढीला जागा हवी असेल तर ‘एनी’ (कोणताही) हा घटक आधीच पेरून ठेवावा लागे. तो ऐच्छिक फील्डच्या शेजारी ठेवला की बहुतेक वेळा स्कीमाच अवैध ठरे, कारण समोर आलेला घटक नेमका कोणत्या जागेचा हे पार्सरला (मेसेज वाचून उलगडणाऱ्या प्रोग्रामला) निःसंदिग्धपणे कळलंच पाहिजे, असा नियम होता. ही गाठ सुटली ती एक्सएमएल स्कीमाच्या 1.1 आवृत्तीत, म्हणजे 2012 मध्ये. मधल्या काळात ज्यांनी सोपवर काम केलं आणि कडक व्हॅलिडेशन चालू ठेवलं, त्यांनी खरोखर त्रास भोगला. त्यांचा राग मला समजतो.

पण तो त्रास टाइपमुळे झाला नव्हता. व्याख्या बंद असल्यामुळे झाला होता. ‘या फील्डमध्ये काय असतं?’ हा एक प्रश्न आणि ‘यादीत नसलेलं फील्ड आलं तर काय करायचं?’ हा दुसरा. जुन्या स्कीमाने दोन्हींची उत्तरं एकत्र बांधून दिली, म्हणून आपण ते दोन्ही एकच समजू लागलो. जेसनसाठीची व्याख्या लिहिणाऱ्या जेसन स्कीमात नेमकं उलटं आहे: स्पष्ट मनाई केली नाही तर जास्तीची फील्डं चालतात, आणि तरीही सांगितलेल्या फील्डचा टाइप तपासला जातोच. प्रोटोकॉल बफर्समध्ये प्रत्येक फील्डला क्रमांक असतो. तिथे अनोळखी क्रमांकाचं फील्ड आलं तर जुना क्लायंट कोसळत नाही, ते ओलांडून पुढे वाचतो. 2017 च्या 3.5 आवृत्तीपासून तर ते जपून ठेवून पुढेही पाठवतो. म्हणजे काटेकोर आणि खुली, अशी दोन्ही गुणांची व्याख्या करता येते, आणि रोज असंख्य ठिकाणी केली जाते.

आता सैल स्ट्रिंगचं काय होतं ते पाहा. पाठवणाऱ्याने आतल्या एका फील्डचं नाव बदललं, किंवा पैशांची रक्कम रुपयांऐवजी पैशांत द्यायला सुरुवात केली. डब्ल्यूएसडीएल तसंच आहे. कंपायलर गप्प, बिल्ड हिरवं, म्हणजे प्रोग्राम तयार होताना कुठेच चूक दिसत नाही. बदल मात्र झालेला आहे, आणि तो कळतो एखाद्या घेणाऱ्याच्या प्रॉडक्शनमध्ये (प्रत्यक्ष चालू सिस्टिममध्ये), बहुधा महिनाअखेरीच्या रात्री. टाइप नाहीसा झालेलाच नसतो. तो व्याख्येतून उठून प्रत्येक घेणाऱ्याच्या पार्सिंगच्या कोडमध्ये जाऊन बसलेला असतो. पाच घेणारे असतील तर तीच व्याख्या पाच ठिकाणी, पाच जणांच्या अंदाजाने लिहिलेली, आणि एकमेकांशी कधीच न ताडलेली.

आपल्याकडचं मोठं उदाहरण जीएसटीच्या ई-इनव्हॉइसचं, म्हणजे बिल सरकारी पोर्टलवर नोंदवण्याच्या पद्धतीचं आहे. 1 ऑक्टोबर 2020 ला ते 500 कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना लागू झालं आणि टप्प्याटप्प्याने खाली येत 1 ऑगस्ट 2023 पासून 5 कोटींपर्यंत पोचलं. म्हणजे एका टोकाला सॅपसारख्या मोठ्या व्यवसाय-सॉफ्टवेअरवर चालणारे कारखाने आणि दुसऱ्या टोकाला ओळखीच्या प्रोग्रामरकडून सॉफ्टवेअर करून घेतलेले व्यापारी. सगळे एकाच साच्यातलं जेसन पाठवतात, आणि त्या साच्यात फील्डनिहाय टाइप, लांबी आणि नमुना जाहीर केलेला आहे.

त्यातला एचएसएन कोड, म्हणजे वस्तूचा वर्ग सांगणारा कोड, बघा. तो दिसतो आकड्यांचा, पण साच्यात त्याचा टाइप स्ट्रिंग आहे, 4 ते 8 अक्षरांचा. कारण दुधाचा मथळा 0401 आणि वाळलेल्या डाळींचा 0713. कोणी तो संख्या म्हणून साठवला की पुढचं शून्य गळतं, 401 उरतं आणि दूध भलत्याच ठिकाणी जातं. इथे स्ट्रिंग हा विचारपूर्वक निवडलेला टाइप आहे, टाइप टाळण्याची पळवाट नव्हे. तारीख दिवस, महिना, वर्ष या क्रमानेच द्यायची. हा क्रम ठरलेला नसता तर 03/04 ही 3 एप्रिल की 4 मार्च, हे पाठवणाऱ्याच्या संगणकाच्या सेटिंगवर ठरलं असतं. बिलाचा क्रमांक 16 अक्षरांपर्यंतच, आणि त्याची सुरुवात शून्याने, तिरक्या रेघेने किंवा आडव्या रेघेने करायची नाही. हे कोणाला अडवणूक वाटेल. पण पुरवठादाराचा जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक), आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि हा क्रमांक एकत्र करूनच 64 अक्षरांचा आयआरएन, म्हणजे त्या बिलाची एकमेव ओळख, काढला जातो. एका ठिकाणी 0045 आणि दुसऱ्या ठिकाणी 45 लिहिलं तर एकाच बिलाचे दोन वेगळे आयआरएन निघतील.

चूक असली तर पोर्टल तिथल्या तिथे नकार देतं, कारणासह. लेखापाल समोर आहे, बिल उघडं आहे, दुरुस्ती होऊन जाते. हेच सगळं सैल स्ट्रिंगमध्ये आलं असतं तर पोर्टलने ते मुकाट घेतलं असतं आणि चूक उघडकीस आली असती खरेदीदाराचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या कराची वजावट) अडकल्यावर, जिथे चूक करणारा वेगळा आणि भोगणारा वेगळा. काटेकोर व्याख्येचं माझ्या मते सर्वांत मोठं मोल हेच: चुकीचा खर्च ती चूक करणाऱ्याच्याच टेबलावर ठेवते.

जेसन जिंकलं या दाखल्यामागे ‘जेसनला टाइप नसतात, तरी जग चाललंय’ हे विधान असतं. जेसनला टाइप आहेत: स्ट्रिंग, संख्या, खरं-खोटं, नल, ऑब्जेक्ट, अ‍ॅरे. कमतरता आहे ती संख्येच्या बारकाव्यात. पूर्णांक किती मोठा चालेल हे जेसन ठरवत नाही, आणि जावास्क्रिप्टमध्ये 9007199254740991 च्या पुढे पूर्णांकांची अचूकता सुटते. ट्विटरने 2010 मध्ये 64 बिटांचे नवे आयडी आणले तेव्हा हाच प्रश्न उभा राहिला. शेवटचे अंक बदलून भलतंच ट्विट उघडू नये म्हणून त्यांना प्रत्येक आयडी संख्या आणि स्ट्रिंग अशा दोन्ही रूपांत द्यावा लागला. टाइप पुरेसा नेमका नव्हता, म्हणून दुसरं फील्ड जोडावं लागलं. जेसनच्या विजयाचा दाखला देणाऱ्यांनी हेही सांगायला हवं की त्याच जगाने पुढे जेसन स्कीमा, ओपन-एपीआय आणि ग्राफक्यूएल ही टाइपसह व्याख्या लिहिण्याची साधनं उभी केली. कोणी जबरदस्ती केली नव्हती, गरज पडली म्हणून केलं.

गूगलचा दाखला तर उलटा पडतो. प्रोटो-3 मधून, म्हणजे प्रोटोकॉल बफर्सच्या तिसऱ्या आवृत्तीतून, ‘रिक्वायर्ड’ गेलं हे खरं. पण ‘रिक्वायर्ड’ म्हणजे फील्ड असलंच पाहिजे ही अट. ते फील्ड कोणत्या टाइपचं, याच्याशी तिचा संबंध नाही. 64 बिटांचा पूर्णांक प्रोटो-3 मध्येही पूर्णांकच राहिला. इतकंच नाही, तर तो जेसनमध्ये उतरवताना स्ट्रिंग म्हणून लिहावा असा नियम आहे, वर सांगितलेल्या अडचणीमुळेच. आणि साध्या फील्डमध्ये शून्य पाठवलं की काहीच पाठवलं नाही हे ओळखता येईना, तेव्हा 2021 मध्ये ‘ऑप्शनल’ (ऐच्छिक फील्डची खूण) परत आणलं गेलं. ही टाइप सोडून देणाऱ्यांची वाटचाल दिसत नाही.

पोस्टेलच्या नियमाबद्दल थोडंच लिहितो. 1980 च्या आरएफसी 760 मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांकित दस्तऐवज) त्याचे दोन भाग आहेत: घेताना उदार राहा आणि पाठवताना काटेकोर राहा. सल्ला देणारे अर्धाच सांगतात. शिवाय आरएफसी 9413 या 2023 च्या दस्तऐवजात इंटरनेटचे प्रोटोकॉल सांभाळणाऱ्यांनीच मांडलं आहे की चुकीचे मेसेज मुकाट स्वीकारत राहिलं की त्या चुकाच कालांतराने रूढ होतात, आणि नव्याने येणाऱ्याला त्या सगळ्या शिकून घ्याव्या लागतात.

व्हॅलिडेशनला वेळ लागतो, असाही एक आक्षेप ऐकू येतो. लागतो. पण एक्सएमएलच्या आत स्ट्रिंग म्हणून दुसरं एक्सएमएल कोंबलं की त्यातली चिन्हं बदलून लिहावी लागतात, आकार फुगतो आणि घेणाऱ्याला दोनदा पार्स करावं लागतं. सैलपणाही फुकट नसतो.

मग सैल जागा कुठेच नको का? हवी. जो भाग आपण वाचणारच नाही, फक्त पुढे पोचवणार आहोत, तिथे ती योग्यच. सोपचं पाकीट (मेसेजचं बाहेरचं आवरण) आतला मजकूर काय आहे याची चौकशी करत नाही, आणि ते बरोबरच आहे. मला सर्वांत आवडणारी रचना जिओजेसनची, म्हणजे नकाशाची माहिती जेसनमध्ये लिहिण्याच्या साच्याची, आरएफसी 7946 मधली. नकाशावरच्या आकृतीचा भाग काटेकोर: बिंदू, रेषा, बहुभुज, प्रत्येकाची मांडणी ठरलेली. त्याच्या शेजारी ‘प्रॉपर्टीज’ नावाचा ऑब्जेक्ट पूर्ण मोकळा. विहिरीचा नकाशा करणारा त्यात पाण्याची पातळी लिहील, शाळांचा करणारा पट लिहील. ज्यावर सगळ्यांचं एकमत लागतं ते बांधलं, बाकीचं सोडलं.

तिथेच टाइपची मर्यादाही दिसते, आणि काटेकोर व्याख्येच्या समर्थकांनी ती लपवू नये. जिओजेसनमध्ये आधी रेखांश, मग अक्षांश. मुंबई म्हणजे 72.8 आणि 19. कोणी उलटं लिहिलं तर दोन्ही संख्याच असल्याने टाइपची तपासणी ते पास करते, आणि बिंदू जातो नॉर्वेच्या उत्तरेकडच्या समुद्रात. अशा चुकीसाठी क्रमाचा नियम शब्दांत लिहावा लागतो, तो आरएफसीत लिहिलेला आहे, आणि आपल्या कामात बिंदू खरोखर महाराष्ट्राच्या हद्दीत पडतो का, याची एक वेगळी चाचणी आपणच लिहायची असते.