एकटाच जेवलो, भांडण-बिंडण काही नाही

आमच्याकडे माणूस एकटा पीत बसला तर लोक समजून घेतात. तोच एकटा चांगल्या हॉटेलात जेवून आला की चौकशी लागते. "घरी भांडण झालं का गा?" हा पहिला प्रश्न, अन् "बिल किती आलं?" हा दुसरा.

ताडोब्याच्या वाघांच्या जंगलाचा बाहेरचा पट्टा म्हणजे बफर, त्याला लागून आमचं गाव. आजूबाजूच्या रिसॉर्टना भाजी, दूध अन् कामाला पोरं आम्हीच पुरवतो. पण त्यांच्या रेस्टॉरंटमध्ये गिऱ्हाईक म्हणून बसावं, हे गावात कोणाच्या डोक्यात येत नाही. मी जातो. माझं कृषी केंद्र आहे, पेरणीच्या गर्दीत डबा उघडायला फुरसत नसते. ती ओसरली की एक संध्याकाळ माझी. 1 जुलै ते 30 सप्टेंबर कोअरचे, म्हणजे आतल्या जंगलाचे, गेट बंद, पर्यटक कमी. बुफे मांडण्याइतकी माणसं नसली की खानसामा ऑर्डरप्रमाणे करून देतो. खरं जेवण तेव्हाच मिळतं.

मी पंगतीच्या विरोधात नाही. रोडगे अन् वांग्याची भाजी असली तर मी न बोलावता पोहोचतो. पण पंगतीत हुकूम चालतो वाढणाऱ्याचा. नको नको म्हणेपर्यंत पत्रावळीवर बुंदी पडलेली असते, पुढची पंगत डोक्यावर उभी असते, अन् आपण नुसतं गिळतो. एकट्याच्या टेबलावर सूप संपल्यावरच पुढचं मागवता येतं. तंदूरमधून निघालेली रोटी गरम असतानाच तोंडात जाते, कारण कोणाच्या सोयाबीनचा भाव ऐकायचा नसतो. (मोबाईल खिशात ठेवा, नाहीतर एकटे जाऊन उपयोग नाही.)

"बायको-लेकरं घरी, अन् तू मजा मारतो?" असंही म्हणतात. शेगावला महाप्रसादाला एकटा बसलो तर हे कोणी विचारत नाही. बायको भिशीच्या बायांसोबत फिरून येते, तेव्हा मी हिशोब मागत नाही.

हॉटेलवाल्यांचंही चुकतं. एका ठिकाणी सगळा हॉल रिकामा, तरी मला स्वयंपाकघराच्या दाराशी बसवलं. खिडकीजवळचं मागितलं तर, "सर, ते चार जणांचं आहे." चार जण कुठे होते? मी तिथंच जाऊन बसलो, कोणी उठवलं नाही. भाजीसुद्धा दोघा-तिघांच्या मापाची येते. अर्धी प्लेट मागायला लाजू नका, बरेचदा देतात. अन् मेन्यूत तेच पनीर बटर मसाला. वडाभात, पाटोडीचा रस्सा, जवसाची चटणी का नाही? हे सगळं रांधणारे हात याच गावांतून येतात ना?

आता बिल. साध्या रेस्टॉरंटात जीएसटी 5 टक्के, पण साडेसात हजारांवर खोलीभाडं घेणाऱ्या हॉटेलात जेवणावर 18 टक्के. ते द्यावेच लागतात. सर्व्हिस चार्ज मात्र वेगळा. तो बिलात आपोआप जोडता येत नाही, ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 2022 च्या सूचना आहेत अन् दिल्ली हायकोर्टानं 2025 मध्ये त्या कायम ठेवल्या. मी तो काढायला लावतो अन् पैसे वाढणाऱ्या पोराच्या हातात देतो. यंदाचा पोरगा शेजारच्या गावचा निघाला. "काका, एकटेच?" म्हणाला. मी म्हटलं, हो, अन् गुलाबजाम एकच आण.