'रिकामटेकडे' या एका शब्दासाठी

गेल्या रविवारी मी मे महिन्यातल्या मुंबईवर लेख टाकला होता. सकाळी ओव्हलच्या कडेने, मग फ्लोरा फाउंटन, काळा घोडा, उन्हं चढल्यावर राणीची बाग, संध्याकाळी शिवाजी पार्कचा कट्टा. घामाच्या धारा लागलेल्या असताना या शहरात सावली धरून एक दिवस कसा काढता येतो आणि वाटेत काय काय बघता येतं, एवढाच त्याचा विषय. त्यावर परवा रात्री 'एक बोरिवलीकर' अशा सहीने प्रतिक्रिया आली. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी जशीच्या तशी देते:

"काकू, लेख छान, पण कुणासाठी? रिकामटेकड्यांना पुतळे आणि बागा दिसतात, आम्हाला ७.५२ची चर्चगेट दिसते. तुम्ही सावलीचं कौतुक करता, पण कितीतरी बागांना भर दुपारी कुलूप असतं, बायकांसाठी धड स्वच्छतागृह नसतं, पुलाखालच्या खांबांवरची चित्रं दोन पावसाळ्यांत पोपडे धरतात. आणि फ्लोरा फाउंटन संगमरवरी नाही. एवढं तरी तपासून लिहा."

खालीच चार ओळींत उत्तर देणार होते. दोनदा लिहिलं, दोनदा पुसलं. चार ओळींत मावेना, म्हणून इथे लिहितेय.

आधी माझी चूक. फ्लोरा फाउंटन संगमरवराचं नाही, पोर्टलंड दगडाचं आहे. लहानपणापासून मी ते रंगाचे थर चढलेलं, पांढरंधोप असंच पाहिलं. डागडुजी होऊन २०१९ मध्ये ते पुन्हा खुलं झालं, खरा दगड दिसायला लागला, तरी डोक्यात संगमरवर बसला तो बसलाच. लेखात दुरुस्ती केली आहे. चूक दाखवली की मी मान्य करते, हे इथले जुने वाचक जाणतात.

पण 'एवढं तरी' म्हणजे काय? नऊ वर्षं लिहितेय, प्रत्येक जागी स्वतः जाऊन, तासतासभर उभी राहून लिहितेय. एक शब्द चुकला तर तो शब्द दाखवा, बाकीच्या मेहनतीवर 'एवढं तरी' म्हणून पाणी फिरवू नका. आणि मी आपली काकू नाही. माझे पुतणे मला काकू म्हणतात, त्यात माया असते. ओळखदेख नसलेल्या बाईला लेखाखाली काकू म्हणायचं ते तिचं म्हणणं हलकं करायला. हाच लेख एखाद्या पुरुषाने लिहिला असता तर आपण 'सर' म्हणाला असता, काका नाही.

आता रिकामटेकडे.

माझे वडील गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला तेव्हा मी पाचवीत होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यांतले ते एक. लालबागला आमची दहा बाय बाराची खोली, माणसं आम्ही सात. ज्यांनी चाळ पाहिलेली नाही त्यांना हे कळायचं नाही, पण ती खोली पाळ्यांवर चालायची. वडील पहिल्या पाळीला, काका रातपाळीला. कुणीतरी कायम कामावर असायचं म्हणून बाकीच्यांना पाठ टेकायला जागा मिळायची. संपात सगळे पुरुष एकदम घरी आले आणि खोलीत उभं राहायलाही जागा उरली नाही. वडील पाळीच्या वेळेलाच उठायचे, आंघोळ करून बाहेर पडायचे आणि चालत राणीच्या बागेत जाऊन बसायचे. शाळेला सुट्टी असली की मला बरोबर न्यायचे.

तिथे भाऊ दाजी लाड संग्रहालयाशेजारी दगडी हत्ती आहे. घारापुरीचा. ज्याच्यावरून पोर्तुगिजांनी त्या बेटाला एलिफंटा नाव दिलं, तोच हा. १८६४ मध्ये इंग्लंडला न्यायचा म्हणून उचलायला गेले आणि तो कोसळला, तुकडे झाले. ते तुकडे मुंबईत आणले, पुढे जोडले. सांधे आजही दिसतात. वडील त्याच्यासमोर बसून राहायचे. एकदा मला म्हणाले, "हा फुटला म्हणून आपल्याकडे राहिला." काळा घोडाही त्यांनीच दाखवला. सातव्या एडवर्डचा तो पुतळा १९६५ मध्ये फोर्टातून काढून या बागेत आणून ठेवला होता. काळा घोडा नावाच्या चौकात घोडाच नाही, घोडा इकडे भायखळ्यात, हे दहा वर्षांच्या मुलीला केवढं नवल वाटलं होतं! आज चौकात उभा आहे तो २०१७चा नवा घोडा, त्याच्यावर स्वार नाही. नवा घोडा बसला त्या आठवड्यात मी मुद्दाम जाऊन आले, एकटीच, कारण वडील तोवर नव्हते.

तर माझे वडील रिकामटेकडे होते का? त्यांच्या हातांना काम नव्हतं, खरं आहे. ते हात रिकामे कसे झाले हे गिरणगावातल्या कुणालाही विचारा. झाडाखालचा तो बाक नसता तर तो माणूस त्या वर्षात कुठे बसला असता, याचं उत्तर मला बोरिवलीकरांकडून हवं आहे.

आणि ७.५२चं मला सांगू नका. मीही सव्वीस वर्षं फोर्टात नोकरी केली. आधी करी रोडवरून, लग्नानंतर डोंबिवलीवरून, डब्यात एका पायावर उभी राहून. लेखातली फोर्टातली एकही जागा मी रजा टाकून पाहिलेली नाही. व्हीटीच्या फाटकावरचे सिंह आणि वाघ मी ऑफिसला उशीर होत असताना पाहिलेत. आपली ७.५२ आपल्याला जिथे सोडते तिथून ओव्हल पाच मिनिटांवरसुद्धा नाही. एका बाजूला राजाबाई टॉवर आणि हायकोर्ट, दुसऱ्या बाजूला गोल सज्ज्यांच्या आर्ट डेको इमारती, मध्ये मोकळं मैदान. २०१८ मध्ये हे सगळं जागतिक वारसा यादीत गेलं. मैदान ओलांडणाऱ्या पायवाटेने रोज नोकरदार माणसंच जातात, डबा काखेत धरून. मान वर करायला रजा लागत नाही.

माझा खरा राग मात्र दुसऱ्याच गोष्टीवर आहे. मोकळी जागा, सावली, कोरीव दगड हे सगळं निवांत लोकांसाठी असतं, हे गृहीत. या शहराचा इतिहास उलट सांगतो. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग आला. कोंदट गल्ल्यांत, जिथे वारा शिरत नव्हता तिथे माणसं पटापट गेली. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड काढले ते समुद्राचा वारा दाट वस्तीत शिरावा म्हणून. आज त्यांना शामळदास गांधी मार्ग आणि सरदार वल्लभभाई पटेल मार्ग म्हणतात. दुपारी चारनंतर मरीन लाइन्सच्या बाजूने प्रिन्सेस स्ट्रीटवर शिरा. पाठीला खारा वारा लागतो. तो वारा आखून दिलेला आहे, माणसं मेल्यावर आखलेला. याच ट्रस्टने गरिबांची घरंही पाडली, हे मला माहीत आहे. कुणी लिहून पाठवण्याआधी मीच लिहिते.

पाणपोया घ्या. भात बाजारात केशवजी नाईकांची पाणपोई आहे, १८७६ची. पाठीवर पोती वाहणाऱ्यांच्या बाजारात दगडात कोरून काढलेलं ते काम आहे. शहरातल्या कितीतरी पाणपोयांना खाली बैलाघोड्यांसाठी कुंड असायचं, वर पाखरांसाठी जागा. कुणाच्या तरी आठवणीसाठी कुणीतरी बांधलेल्या या पाणपोया. या दमट हवेत मैलभर ओझं ओढलेल्या माणसाला पाणी हवं होतं हे उघड आहे, पण ते सुंदर जागी मिळावं असं बांधणाऱ्याला वाटलं. याला चैन म्हणायचं? हे वाक्य लिहितानासुद्धा मला त्रास होतो.

शिवाजी पार्कचा कट्टा एक किलोमीटरहून थोडा जास्त लांब आहे. मैदान १९२५चं, अठ्ठावीस एकरांचं. त्या कट्ट्यावर माझं लग्न ठरलं. बघण्याचा कार्यक्रम तिथे झाला, कारण दोन्हीकडची आठ माणसं एकदम बसतील अशी जागा ना आमच्या खोलीत होती, ना त्यांच्या. सासूबाईंनी पदराने कट्ट्यावरची धूळ झटकली आणि मला शेजारी बसवलं. वर झाड होतं, समोर पोरं क्रिकेट खेळत होती, कुणी आमच्याकडे वळून पाहिलं नाही. ज्यांच्या घरी दिवाणखाना आहे त्यांना कट्ट्याची किंमत वेगळी करून सांगावी लागते.

बाकीचे मुद्दे. कुलपांचं आणि स्वच्छतागृहांचं म्हणाल तर ते प्रश्न आहेतच, मी नाही कुठे म्हटलं? पण माझा लेख त्यावर नव्हता. त्यासाठी महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात अर्ज करा. खांबांवरच्या चित्रांचा तर मी उल्लेखही केला नव्हता, तेव्हा त्यांचे पोपडे माझ्या पदरात का टाकता, कळलं नाही.

या प्रतिक्रियेखाली अकरा जणांनी 'अगदी खरं' लिहिलंय. त्यांत दोन नावं ओळखीची दिसली. त्यांतली एक माझ्याबरोबर त्याच कट्ट्यावर कितीतरी संध्याकाळी बसलेली आहे. तिला फोन करून विचारणार होते, केला नाही.

प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. लेखातला 'संगमरवरी' शब्द तेवढा काढला आहे. पुढचा लेख पाणपोयांवर येतोय. त्यावर जरूर लिहा, हवं तितकं कडक लिहा, पण खाली आपलं नाव घाला. आणि काकू नको.