हिरवं पडलं म्हणजे रोमन?

‘इंग्लंडच्या शेतात मेटल डिटेक्टर वाजला आणि खालून हिरवी पडलेली, भोकं असलेली पट्टी निघाली, की ती रोमन सैनिकाच्या चिलखताची समजा. पितळी असेल तर नवी. खात्रीसाठी रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवा.’ अशा आशयाचा सल्ला हौशी शोधकांमध्ये हातोहात फिरतो. त्यातलं एकही वाक्य धड नाही.

आधी हिरवेपणा. माळ्यावर पडलेला तांब्याचा बंबही हिरवा होतो, तो काही सीझरच्या काळातला नसतो. तांबं असलेला कुठलाही धातू ओल्या मातीत हिरवा पडतो. अठराव्या शतकातलं बक्कलही. उलट हवा न पोचणाऱ्या चिखलात अस्सल रोमन वस्तू पिवळीधमक राहते. लंडनचा वॉलब्रुक ओढा आणि उत्तर इंग्लंडमधल्या हेड्रियनच्या भिंतीजवळचं विंडोलंडा हे रोमन ठाणं इथे अशा वस्तू निघाल्या आहेत.

‘पितळ म्हणजे नवं’ हे तर साफ उलटं आहे. जस्त 907 अंश सेल्सिअसला उकळून वाफ होतं, म्हणून ते वेगळं काढणं रोमनांना जमत नव्हतं. पण तांबं, जस्ताचं खनिज आणि कोळसा बंद मुशीत तापवून ते पितळ करत. सम्राट ऑगस्टसच्या काळापासून सेस्टर्शियस हे रोमन नाणं पितळी होतं. (जस्ताची वाफ थंड करून धातू धरण्याची युक्ती पुढे राजस्थानातल्या जावरच्या भट्ट्यांनी साधली.) आणि गंमत म्हणजे ज्या चिलखताचा एवढा बोलबाला, त्या लोखंडी पट्ट्यांच्या ‘लोरिका सेगमेंटाटा’च्या बिजागऱ्या आणि बक्कलं बहुतेक पितळी पत्र्याचीच असत. म्हणजे या सल्ल्याप्रमाणे चाललात तर खरा चिलखताचा तुकडाच भंगारात जाईल.

आता भोकांचं. 1964 साली उत्तर इंग्लंडमधल्या कॉरब्रिजला एका लाकडी पेटीत चिलखतांचे भाग सापडले, त्यावरून या बिजागऱ्या कशा दिसतात ते नीट कळलं: पातळ पत्रा, कडेला गोलसर पाकळ्या, बारीक रिव्हेट. शेतात निघणाऱ्या जाड ओतीव पट्ट्या असल्या नसतात. त्या घोड्याच्या साजाच्या, कमरपट्ट्याच्या, नाहीतर एखाद्या पेटीच्या असतात, आणि त्याही रोमनच असतील असं नाही. दोन कड्यांचं, चष्म्यासारखं बक्कल हमखास ‘रोमन’ म्हणून दाखवलं जातं; ते मध्ययुगाच्या अखेरीचं किंवा त्यानंतरचं असतं.

मग ओळखायचं कसं? मी तरी वस्तू आधी पालथी करतो. नक्षीची नक्कल कुणीही करतो, पण वस्तू चामड्याला कशी बसवली होती ते मागच्या बाजूला कळतं. रोमन साजाच्या कित्येक पदकांना मागे बुटक्या खुंट्या असतात, त्यांची टोकं बटणासारखी चपटी. चामडं मधे अडकतं. नुसती खिळ्यासारखी टोकदार अणी दिसली तर मी सावध होतो. तरी एकट्या खुणेवर निकाल देऊ नये.

व्हिनेगरबद्दल मात्र राग येतो. चिंच लावून तांब्या लखलखीत करायची आपल्याला सवय, म्हणून हा सल्ला सहज पटतो. पण हिरवा थर म्हणजे मळ नव्हे, वस्तूचा मूळ पृष्ठभाग बहुतेकदा त्यातच टिकून असतो. रोमन कारागीर पितळेवर कल्हई करत, खोबणीत रंगीत मीना भरत. आम्लात ते सगळं जाऊ शकतं आणि हाती उरतो खड्डे पडलेला लालसर तुकडा. साध्या पाण्यानेसुद्धा घाई करू नये. आधी दोन्ही बाजूंचे फोटो काढावेत, शेजारी मोजपट्टी ठेवून.

आणि जागेची नोंद. इंग्लंड-वेल्समध्ये ‘पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम’ या, लोकांना सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या योजनेचे अधिकारी अशा वस्तू पाहून नोंदवतात. कायद्याने सक्ती नसते तेव्हाही त्यांना दाखवावी: 2010 साली कम्ब्रियात डिटेक्टरने सापडलेलं क्रॉस्बी गॅरेट शिरस्त्राण तांब्याच्या मिश्रधातूचं, एकटंच, म्हणून तेव्हाच्या कायद्याने ते सक्तीने कळवायचा ‘खजिना’ ठरलं नाही. लिलावात त्याला वीस लाख पौंडांहून अधिक किंमत आली.